ताणा, बाणा आणि तडा

कापडाच्या पेढीवर बसलेला जाणता दुकानदार गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडतो, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची बोटे नकळत एक लहानसा प्रयोग करून जातात. तो कापड ताण्याच्या दिशेने ओढून दाखवतो, मग बाण्याच्या दिशेने ओढून दाखवतो, आणि दोन्ही वेळा ते कापड ताठ राहून त्याच्या हातांना दाद देत नाही. परंतु तेच कापड कोपऱ्याकोपऱ्यांनी धरून तिरकस ओढले, की ते एकदम सैल पडते, लांबते, त्याच्या बारीक बारीक चौकोनांचे शंकरपाळे होतात आणि हात सोडताच ते बरेचसे पूर्वस्थितीवर येते. शिंपी ह्याला उरेब म्हणतात, आणि झग्याची पट्टी कापताना त्याचा उपयोग करून घेतात. ओढीची दिशा बदलली की पदार्थाचा स्वभावच बदलतो, ही गोष्ट लोखंड-पितळेच्या कारागिराला सहसा भेटत नाही. विणकराला मात्र ती मागावर बसल्याच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्याला जे बोटांनी कळले होते ते आकड्यांनी सांगता यावे, आणि हे कापड किती ओझ्याखाली, कोठे आणि कोणत्या क्रमाने फाटेल ह्याचे भाकीत ते फाटण्यापूर्वी करता यावे, म्हणून शंभराहून अधिक वर्षे विद्वानांनी जे परिश्रम केले त्यांची हकीकत मराठी वाचकांपुढे मांडावी असा ह्या लेखाचा हेतू आहे.

हे परिश्रम नुसत्या वस्त्रासाठी झाले असते तर त्यांचे महत्त्व गिरण्यांच्या आवारापुरतेच राहिले असते. परंतु काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंचे सूत काढून त्याचे कापड विणावे, ते राळेत भिजवावे, त्याचे थरावर थर रचून साच्यात दाबून तापवावे, म्हणजे जो हलका आणि विलक्षण बळकट संमिश्र पदार्थ सिद्ध होतो, त्याच्यावर आज विमानांचे भाग, नौकांची कवचे आणि पवनचक्क्यांची पाती विसंबून आहेत. लोखंडाची तुळई मोडण्यापूर्वी वाकते, आणि वाकल्याचे डोळ्यांना दिसते. संमिश्राची इजा बहुधा आतल्या आत होते: प्रथम एखाद्या आडव्या धाग्याच्या पोटात केसासारखी भेग पडते, मग तशा भेगा ठिकठिकाणी पडतात, मग दोन थरांमधली राळ सुटू लागते, आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत व निर्मळ दिसत असतानाच आतले कापड अर्धे निकामी होऊन गेलेले असते. म्हणूनच ह्या पदार्थाच्या बाबतीत भाकिताला जे मोल आहे ते इतर पदार्थांच्या बाबतीत क्वचितच असेल.

ह्या विषयाचा पहिला पद्धतशीर विचार आकाशातल्या कापडाच्या निमित्ताने झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात जी वायुजहाजे तरंगू लागली, त्यांतल्या सांगाडाविरहित जहाजांना आपला आकार केवळ आतल्या वायूच्या दाबावर आणि वरच्या रबर लावलेल्या कापडावर टिकवून धरावा लागे. कापड ताणले गेले की जहाजाचा आकार बिघडे, आणि आकार बिघडला की त्याचे हवेतील चालणे बिघडे. हास आणि डीट्सियस ह्या दोन जर्मन संशोधकांनी अशा कापडाच्या ताण्यावर किती ओढ पडते, बाण्यावर किती पडते आणि तिरकस दिशेने ते किती सरकते ह्याचा बारकाईने हिशेब मांडला. अमेरिकेत नुकत्याच स्थापन झालेल्या विमानविद्येच्या राष्ट्रीय सल्लागार समितीला हे काम इतके मोलाचे वाटले, की त्याचे इंग्रजी भाषांतर तिने १९१७ सालच्या आपल्या वार्षिक अहवालात दाखल करून घेतले. त्या वर्षी अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली होती हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या दाखल्याची किंमत अधिकच पटते.

परंतु कापडाच्या यंत्रशास्त्राचा खरा पाया घातला गेला तो मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी गावी. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, ब्रिटिश कापूस धंद्याने स्वतःची एक संशोधनसंस्था स्थापिली आणि तिच्यासाठी डिड्सबरीत एक प्रशस्त वास्तू घेतली. वास्तूच्या खर्चाचा मोठा भाग स्टॉकपोर्टचे पार्लमेंट-सभासद विल्यम ग्रीनवुड ह्यांनी उचलला आणि तिला आपल्या मुलीचे नाव दिले. त्यामुळे ती संस्था जगात शर्ली इन्स्टिट्यूट ह्याच नावाने ओळखली गेली. तेथे फ्रेडरिक टॉमस पीअर्स नावाचा एक ऑस्ट्रेलियन पदार्थवैज्ञानिक काम करीत असे. माझ्या समजुतीप्रमाणे ह्या सबंध हकीकतीतला सर्वांत दूरदर्शी पुरुष तोच.

पीअर्सने १९२६ साली जो निबंध प्रसिद्ध केला त्यात एक साधा प्रश्न होता. एकाच सुताचा वीतभर तुकडा आणि हातभर तुकडा घेतला, तर हातभर तुकडा सरासरीने कमी ओझ्याने का तुटावा? सूत तेच, कापूस तोच, पीळही तोच. पीअर्सने उत्तर दिले ते साखळीच्या दृष्टांताने. साखळीचे बळ म्हणजे तिच्यातल्या सर्वांत कच्च्या कडीचे बळ. आणि साखळी जितकी लांब, तितका तिच्यात एखादी फारच कच्ची कडी सापडण्याचा संभव अधिक. हा विचार त्याने संभवशास्त्राच्या सूत्रांत बसवला, आणि लांबी वाढली की बळ किती घटेल हे सांगण्याची सोय करून दिली. स्वीडनच्या वाइबुल्लने १९३९ साली पदार्थांच्या बळाचा जो सांख्यिकी सिद्धांत मांडला, आणि जो पुढे अभियंत्यांच्या तोंडी रूढ झाला, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. पदार्थाचे बळ ही एक ठाम रक्कम नसून ती नमुन्याच्या आकारमानावर अवलंबून असते, लहान तुकड्यावर केलेली परीक्षा मोठ्या वस्तूला जशीच्या तशी लागू करता येत नाही, हा त्या निबंधाचा इत्यर्थ होता. वाचकांनी तो स्मरणात ठेवावा. ह्या लेखाच्या उत्तरार्धात त्याची फार गरज पडणार आहे.

दुसरा निबंध १९३७ सालचा, आणि त्याचा विषय कापडाच्या वीणीची भूमिती हा. पीअर्सने साध्या वीणीचा, म्हणजे एक धागा वर एक धागा खाली अशा वीणीचा, एक आदर्श नमुना कल्पिला. त्यातला धागा काटछेदात वाटोळा आणि सहज वाकणारा. तो समोरच्या धाग्याला काही अंतर बिलगून वळसा घालतो, मग सरळ रेषेत तिरका उतरतो आणि पुढच्या धाग्याखालून पुन्हा वळसा घालतो. ह्या नागमोडी मार्गाची लांबी, धाग्यांमधील अंतर, वळणाचा कोन आणि धाग्याची जाडी अशा अकरा राशी त्याने निश्चित केल्या आणि त्यांना बांधणारी सात समीकरणे लिहिली. चार राशी मोजून मिळाल्या की उरलेल्या सात गणिताने हाती याव्यात, अशी ही तजवीज होती. मागावर बसलेल्या कोष्ट्याच्या हाताला ही नागमोड शतकानुशतके परिचित होती, कारण ताणा कमी-अधिक ताणून तो तीच आवरती-सैल करीत आला होता. पीअर्सने तिला आकडे दिले.

येथे मुंबईचा एक उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कापूस समितीने १९२४ साली माटुंग्यास एक तंत्र-प्रयोगशाळा स्थापन केली, आणि देशोदेशीचा नव्हे तर आपल्याच निरनिराळ्या प्रांतांत पिकणारा कापूस कातण्यास कितपत योग्य आहे ह्याची परीक्षा तेथे सुरू झाली. तंतूची लांबी, त्याचा बारीकपणा, सुताचे बळ हे डिड्सबरीतले प्रश्न त्या प्रयोगशाळेतही विचारले जात होते. अर्थात तेथील हेतू शेतकरी आणि गिरणीवाले ह्यांच्या व्यवहाराचा होता, आणि तो योग्यच होता.

१९४५ साली लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेतील हेन्री डॅनियल्स ह्याने ह्या विचारात एक महत्त्वाची भर घातली. एका धाग्याऐवजी धाग्यांची जुडी घ्या, असे त्याने म्हटले. जुडीतला सर्वांत कच्चा धागा प्रथम तुटतो, आणि त्याचे ओझे उरलेल्यांवर पडते. त्यामुळे त्यांतला पुढचा कच्चा धागा लवकर तुटतो, आणि असे होत होत एका क्षणी सगळी जुडी जाते. म्हणून शंभर धाग्यांच्या जुडीचे बळ एका धाग्याच्या सरासरी बळाच्या शंभरपट कधीच नसते. ते नेहमी कमी भरते. एकत्र कुटुंबात एका कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर इतरांच्या खांद्यांवर जे होते, तेच थोडेफार येथे होते.

ह्या सर्व खटाटोपात कापूस आणि लोकरच होती. काच आली ती निराळ्या वाटेने. फार्नबरो येथील विमानसंस्थेत काम करणाऱ्या ॲलन आर्नोल्ड ग्रिफिथने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवले होते, की काचेचा तंतू जितका बारीक ओढावा तितके त्याचे दर चौरस इंचामागचे बळ अनेक पटींनी वाढत जाते, आणि ह्याचे कारण असे की काचेचा ठिसूळपणा तिच्यातल्या सूक्ष्म भेगांत असतो व बारीक तंतूत मोठी भेग मावतच नाही. अमेरिकेत १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी स्थापन झाली आणि काचेचे सूत व कापड मुबलक निघू लागले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या यंत्रांवर घालायच्या टोपांसाठी काचकापड आणि राळ ह्यांचा संमिश्र वापरात आला, कारण रेडिओलहरींना तो अटकाव करीत नसे. त्यानंतर १९६० च्या दशकात फार्नबरोच्याच संस्थेत विल्यम वॉट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बळकट कार्बनतंतू सिद्ध केला, आणि काचेच्या जोडीला कार्बनचे कापड आले.

कापड राळेत बद्ध झाले की त्याचा स्वभाव पालटतो. मोकळ्या कापडात ताणा ओढला की त्याची नागमोड सरळ होते आणि त्या बदल्यात बाण्याची नागमोड वाढते. दोघे एकमेकांना जागा करून देतात. राळेच्या बंदिवासात ही देवाणघेवाण थांबते. ताण्याचा धागा सरळ होऊ पाहतो आणि राळ त्याला होऊ देत नाही. त्यामुळे प्रत्येक वळणावर वाकण्याची एक अधिकची ओढ निर्माण होते. इकडे आडव्या धाग्याची अवस्था त्याहून वाईट. त्याच्यातले तंतू ओढीला काटकोनात पडलेले असल्यामुळे ते ओढ घेत नाहीत. तंतू अत्यंत ताठ, आणि त्यांच्यामधली राळेची पापुद्र्याएवढी फट तेवढी लवचीक, म्हणून सगळे लांबणे त्या फटींतच साठते आणि त्या फुटतात. लांबीत हजारी काही भागांची वाढ होते न होते तोच आडव्या धाग्यांत पहिल्या भेगा पडतात. ओढ आणि लांबणे ह्यांचा आलेख काढला तर तोपर्यंत सरळ चढत आलेली रेषा त्या बिंदूपाशी किंचित वाकते आणि पुढे कमी चढाने जाऊ लागते. संशोधक ह्या वाकणाला गुडघा म्हणतात. पदार्थ त्या वेळी तुटलेला नसतो, पुष्कळ ओझे तो अजून पेलणार असतो. परंतु त्याच्या ऱ्हासाची पहिली नोंद तेथे झालेली असते.

हा गुडघा कोठे येईल हे आधीच गणिताने कसे सांगता येईल, ह्याचे पहिले समाधानकारक उत्तर १९८० च्या आगेमागे जपानच्या ताकाशी इशिकावा आणि अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या त्सु-वेई चौ ह्या दोघांनी दिले. त्यांनी एकामागून एक तीन नमुने मांडले, आणि त्यांचा क्रम मोठा बोधप्रद आहे. पहिल्यात त्यांनी कापड म्हणजे जणू पटावरच्या घरांसारखे शेजारी शेजारी मांडलेले तुकडे मानले, ज्यांत धागे आडवे-उभे आहेत पण वळण कोठेच नाही. हिशेब सोपा, पण नागमोडीचा विसर पडलेला. दुसऱ्यात त्यांनी धाग्याला लाटेसारखे वळण दिले, आणि वळणाच्या जागी पदार्थ किती मऊ पडतो हे काढले. तिसरा नमुना सॅटिन वीणीसाठी. आठ धाग्यांच्या सॅटिनमध्ये धागा सात धाग्यांवरून सरळ जाऊन आठव्याखाली एकदाच बुडतो. म्हणजे वळणाची एक जागा आणि तिच्या भोवती सरळ प्रदेश. ओढ पडली की मऊ वळणाला वळसा घालून ती ओढ सभोवतालच्या सरळ धाग्यांवरून पुलावरून जावी तशी निघून जाते. ह्यामुळेच सॅटिन वीणीचा संमिश्र साध्या वीणीच्या संमिश्राहून अधिक ताठ भरतो. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात हे सर्व एकत्र आले, आणि प्रयोगांशी त्यांची रुजुवात बऱ्यापैकी जुळली.

परंतु इशिकावा-चौ ह्यांच्या दुसऱ्या नमुन्यात नागमोड एकाच दिशेने, ओढीच्या दिशेने, धरली होती. प्रत्यक्ष कापडात ताणाही नागमोडी आणि बाणाही नागमोडी. शिवाय दोन शेजारी धाग्यांमध्ये थोडी फट असते आणि तीत नुसती राळ भरलेली असते. ह्या दोन गोष्टी हिशेबात आणण्याचे श्रेय पवईच्या भारतीय तंत्रशिक्षण संस्थेला जाते, हे लिहिताना मला मनस्वी आनंद होतो. तेथील विमानविद्या विभागातील प्राध्यापक निरंजन नाईक ह्यांनी शेंबेकर आणि गणेश ह्या सहकाऱ्यांबरोबर १९९२ पासून जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांत वीणीचा एक पुनरावृत्त तुकडा घेऊन त्याचे दोन्ही दिशांनी बारीक काप कल्पिले होते, धाग्याचा काटछेद प्रत्यक्षाशी मिळता धरला होता, आणि फटींतल्या राळेलाही तिचा हिस्सा दिला होता. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि मला तो फार मार्मिक वाटतो. कापडाचे थर एकावर एक रचताना वरच्या थराचा उंचवटा खालच्या थराच्या उंचवट्यावर आला, किंवा तो सरकून खालच्या थराच्या खळग्यात बसला, तर संमिश्राच्या गुणांत किती अंतर पडेल? कारखान्यात थर रचणारा कामगार ह्या सरकण्याचा विचारही करीत नाही आणि त्याला तो करताही येणार नाही. पण त्या अजाणत्या सरकण्याने ताठपणा आणि बळ बदलते, हे त्यांच्या गणिताने दाखवले. १९९४ साली नाईक ह्यांचा विणलेल्या संमिश्रांवरचा ग्रंथ अमेरिकेत छापून निघाला. आणि १९९६ च्या तीन निबंधांत त्यांनी व गणेश ह्यांनी साध्या वीणीच्या थरांची इजा पहिल्या भेगेपासून शेवटच्या तुटण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने मांडली. ज्या मुंबईच्या गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड होत चालली होती, त्याच शहराच्या उत्तरेकडील उपनगरात कापडाच्या वीणीचे हे गणित रचले जात होते.

त्याच सुमारास अमेरिकेत संगणकाने कापडाचा तुकडा हजारो लहान घटकांत चिरून प्रत्येकाचा ताण स्वतंत्रपणे काढण्याची पद्धत पुढे आली. १९८९ मध्ये नासाच्या लँगली केंद्रात जॉन व्हिटकम ह्याने साध्या वीणीचे असे त्रिमितीय विश्लेषण केले; १९९३ मध्ये ब्लॅकेटर, वॉलरथ आणि हॅन्सन ह्यांनी त्यात इजेचा हिशेब घातला. एखाद्या घटकातला ताण त्याच्या सहनशक्तीबाहेर गेला, की त्याला सर्वस्वी बाद न करता इजेच्या स्वरूपाप्रमाणे त्याच्या ताठपणात काटछाट करायची, आणि उरलेल्यांवर ओझे पुन्हा वाटून हिशेब पुढे चालवायचा, अशी त्यांची रीत. डॅनियल्सच्या जुडीतला न्याय येथे नव्या वेषात दिसतो.

ह्याहून व्यापक असा एक विचार रशियातून आला होता. लेनिनग्राडच्या लाझार काचानोव्ह ह्याने १९५८ साली असे सुचवले होते, की पदार्थातल्या असंख्य भेगा एकेक मोजत बसण्यापेक्षा त्याच्या अखंडतेला एका राशीने मोजावे. पदार्थ निर्दोष तेव्हा ती एक, आणि पूर्ण मोडला तेव्हा शून्य. फ्रान्समध्ये काशाँ येथे पिएर लादेवेझ ह्याने १९९० नंतर ही कल्पना संमिश्राच्या एकेका थराला लावली, आणि ताण्याच्या दिशेची इजा, आडवी इजा व तिरकस सरकण्याची इजा ह्यांची स्वतंत्र खाती उघडली. पुढे जर्मनीत जॉन्सन ह्याने तीच रीत विणलेल्या कापडाला लावून आघाताने होणाऱ्या इजेचा हिशेब केला. १९९५ साली मात्सेनमिलर, ल्युब्लिनर आणि टेलर ह्यांनी अशाच एका नमुन्यात इजा वाढण्याचा वेग तंतूंच्या बळाच्या वाइबुल्ल-वितरणावरून ठरवला. पीअर्सची कच्ची कडी अशा रीतीने सत्तर वर्षांनी संगणकाच्या आज्ञावलीत येऊन बसली.

ह्यानंतर थोड्याच वर्षांत ह्या विद्येची अत्यंत कठोर परीक्षा झाली. अमेरिकेच्या अवकाशयानाच्या पंखाची पुढची कड पृथ्वीच्या वातावरणात परतताना सोळाशे अंश सेल्सियसपर्यंत तापत असे. तेथे प्रत्येक पंखावर बावीस असे फलक बसवलेले असत, आणि ते फलक म्हणजे विणलेल्या कापडाचेच संमिश्र होते: रेयॉनचे कापड तापवून त्याचा कर्ब करायचा, ते फिनॉलिक राळेत भिजवून थर रचायचे, मग भट्टीत राळेचाही कर्ब करायचा, ही क्रिया नवी राळ भरून पुन्हा पुन्हा करायची, आणि शेवटी वर सिलिकॉन कार्बाइडचा लेप द्यायचा. तापाला अजिंक्य असा हा पदार्थ आघाताला मात्र अत्यंत ठिसूळ होता.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उड्डाण करीत असता सुमारे ब्याऐंशीव्या सेकंदाला बाहेरच्या टाकीवरील फेसाळ आच्छादनाचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकड्याचे वजन पावणेदोन पौंडांहून किंचित कमी. हातात घेतला असता तो थर्माकोलसारखा हलका लागला असता. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी इजेचे भाकीत करण्याचा यत्न केला. यानावरच्या उष्णतारोधक कौलांसाठी त्यांच्यापाशी 'क्रेटर' नावाचे एक जुने समीकरण होते. ते ज्या प्रयोगांवरून रचले होते त्यांतले फेसाचे तुकडे जेमतेम तीन घन इंचांचे होते, आणि आदळलेला तुकडा त्यांच्या शेकडो पटींनी मोठा. समीकरणाने तरीही धोक्याचा आकडा दिला, इजा कौलाच्या जाडीहून खोल जाईल असा. पण हे समीकरण नेहमीच वाढवून सांगते अशी त्यांची समजूत असल्यामुळे तो आकडा बाजूला राहिला. कर्बकापडाच्या फलकांसाठी आधार होता तो बर्फाच्या आघातांच्या जुन्या प्रयोगांचा. त्यावरून पंधरा अंशांहून मोठ्या कोनात आघात झाल्यास फलकाला भोक पडावे असा निष्कर्ष निघत होता, आणि ह्या आघाताचा कोन एकवीस अंशांपर्यंत असावा असा हिशेब निघाला होता. परंतु फेस बर्फाहून हलका, तेव्हा एकवीस अंशांपर्यंत फलक टिकेल असे अनुमान करण्यात आले. त्या अनुमानाला प्रत्यक्ष प्रयोगाचा दाखला नव्हता.

ही माणसे निष्काळजी नव्हती. मिळालेल्या थोड्या दिवसांत, हाती असलेल्या कागदांवर, त्यांनी प्रामाणिकपणे हिशेब केला होता. परंतु तीन घन इंचांच्या परीक्षेवरून शेकडो पटींच्या आघाताविषयी बोलणे म्हणजे वीतभर सुताच्या बळावरून कोसभर दोराची ग्वाही देणे होते, आणि पीअर्सने १९२६ मध्येच ती देऊ नये म्हणून सांगितले होते. १ फेब्रुवारी रोजी सकाळी कोलंबिया यान परतत असता टेक्ससच्या आकाशात भग्न झाले आणि त्यातले सातही प्रवासी मृत्यू पावले. कर्नालहून निघून तेथवर पोचलेली कल्पना चावला त्यांत होती. ती बातमी ज्यांनी त्या रात्री ऐकली त्यांना ती अजून आठवते.

ॲडमिरल गेहमन ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी मंडळाने प्रत्यक्ष आघाताचा प्रयोग करण्याचे ठरवले, आणि टेक्ससमधील सॅन ॲन्टोनियो येथील साउथवेस्ट संशोधन संस्थेत नायट्रोजन वायूच्या दाबावर चालणारी एक लांब तोफ सज्ज झाली. प्रथम काचकापडाच्या फलकांवर मारा करून पाहिला. ते मोडले नाहीत, आणि फेसाने फलक फुटू शकेल काय हा पुष्कळांचा संशय दुणावला. काचेचा फलक कर्बाच्या फलकाहून कितीतरी अधिक आघात सोसणारा, हे तेव्हा ध्यानात ठेवणे आवश्यक होते. जूनमध्ये तीस उड्डाणे झालेला कर्बकापडाचा सहाव्या क्रमांकाचा फलक तोफेपुढे ठेवला, तेव्हा त्याला साडेपाच इंचांचा तडा गेला. ७ जुलै २००३ रोजी, अटलांटिस यानावर सव्वीस उड्डाणे केलेला आठव्या क्रमांकाचा फलक तेथे बसवला आणि सेकंदाला पावणेआठशे फुटांच्या आसपास वेगाने फेसाचा तुकडा त्याच्यावर सोडला. फलकाला सोळा इंच बाय सतरा इंचांचे भगदाड पडले. जमलेल्या लोकांत पंचवीस-तीस वर्षे ह्या यानांवर राबलेली माणसे होती. तो फलक असा फुटू शकेल ही गोष्ट त्यांच्यातल्या अनेकांनी त्या क्षणापर्यंत मनोमन स्वीकारली नव्हती.

प्रयोगाच्या जोडीने संगणकावरचे काम चालू होते. नासाच्या ग्लेन आणि लँगली केंद्रांतील व बोइंगमधील संशोधकांनी मिळून कर्बकापडाचे असे वर्णन सिद्ध केले, की त्यात त्याचा अतिठिसूळपणा, दाबात व ओढीत दिसणारा त्याचा निरनिराळा स्वभाव आणि कापडाच्या थरांची दिशा ह्या तिन्ही गोष्टी यथास्थित आल्या. आणि त्यासाठी त्यांनी जो नमुना वापरला तो मात्सेनमिलर, ल्युब्लिनर व टेलर ह्यांच्याच विणलेल्या संमिश्राच्या इजेचा होता. प्रयोगशाळेत लहान पट्ट्या ओढून, दाबून, वाकवून त्यांनी त्याचे आकडे भरले. मग आठव्या फलकावरचा आघात संगणकावर पुन्हा घडवला, आणि प्रत्यक्ष इजेशी त्याची रुजुवात झाली. ही रुजुवात झाल्यावर तोच नमुना पुढच्या कामाला लावला: फेस असो, बर्फ असो वा दुसरा कोणता पदार्थ असो, किती वजनाचा तुकडा किती वेगाने आणि किती कोनात आदळला म्हणजे फलकाला इजेचा आरंभ होईल, ह्या मर्यादा संगणकाने एकेक करून काढून दिल्या. आता आकडे ज्या प्रयोगांवर उभे होते ते प्रयोग प्रत्यक्षाच्या मापाचे होते.

कोलंबियाच्या नाशानंतरचे पहिले उड्डाण २६ जुलै २००५ रोजी डिस्कव्हरी यानाने केले. चढताना टाकीवरून फेसाचा एक मोठा तुकडा पुन्हा सुटला; ह्या वेळी तो यानाला लागला नाही. दुसऱ्या दिवशी प्रवाशांनी यानाच्या यांत्रिक हाताला पन्नास फुटांचा एक नवा दांडा जोडला, त्याच्या टोकावरचा कॅमेरा व लेसर सावकाश दोन्ही पंखांच्या कडांवरून फिरवला, आणि चव्वेचाळीस फलकांची चित्रे ह्यूस्टनला पाठवली. तेथे बसलेल्या मंडळींनी ती एकेक करून पाहिली आणि पडताळली. ९ ऑगस्टला पहाटेच्या अंधारात डिस्कव्हरी कॅलिफोर्नियाच्या एडवर्ड्स तळावर उतरले.